गेटचा ३५० च्या खालचा स्कोअर म्हणजे अपात्र का? आणि उणे गुणांचे गणित नेमके कसे असते?

प्रश्न: मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणकशास्त्रात बी.ई. केले आहे. १० फेब्रुवारी २०२४ रोजी गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठी देशपातळीवर होणाऱ्या परीक्षेची, संगणकशास्त्राची पत्रिका दिली आणि १६ मार्चला निकाल लागला. निकाल हाती आल्यापासून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच आहे, म्हणून येथे सविस्तर विचारते.

उत्तरसूची प्रसिद्ध झाली तेव्हा मी स्वतः गुण मोजले होते. ते २४.६७ आले. माझ्याकडे केंद्रीय यादीनुसारचे ओबीसी-एनसीएल (इतर मागासवर्ग, नॉन-क्रीमी लेयर) प्रमाणपत्र आहे आणि त्या प्रवर्गासाठी यंदा २४.८ ही पात्रतेची मर्यादा लागली, त्यामुळे थोडक्यात हुकले अशी मी मनाची समजूत घातली होती. प्रत्यक्ष गुणपत्रावर मात्र १०० पैकी २५.५१ गुण दिसतात आणि स्कोअर ३३० च्या जवळपास आहे. आता ज्या शिकवणीला मी जात होते तेथे सांगतात की ३५० च्या खालचा स्कोअर म्हणजे पात्रता नाहीच, गुण काहीही असोत. घरी बाबांना पास की नापास एवढेच हवे आहे आणि मला तेवढेही छातीठोकपणे सांगता येईना.

दुसरा प्रश्न प्रश्नांच्या स्वरूपाविषयी आहे. मी दोन गुणांचे बारा बहुपर्यायी प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले. त्यांतील तीन बरोबर आले आणि नऊ चुकले. ज्या प्रश्नांत एकाहून अधिक उत्तरे बरोबर असू शकतात, असे पाच प्रश्न मात्र उणे गुणांच्या भीतीने कोरे ठेवले. हे शहाणपणाचे होते का? पुन्हा गेट द्यावी, की कर्नाटकाच्या पीजीसीईटीवर, म्हणजे राज्याच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेवर, समाधान मानावे? माझा धाकटा भाऊ मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे, त्यालाही हे उपयोगी पडेल.

उत्तर: उद्यमबाग_हायड्रॉलिक

ताई, पहिली गोष्ट बाबांना आजच सांगा: तुम्ही पात्र आहात. शिकवणीत जे सांगितले ते अर्धवट माहितीवर आधारलेले आहे आणि हा गैरसमज बेळगाव ते निपाणीपर्यंत मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे मूळ एकदा नीट लिहून ठेवणे बरे.

गेटमध्ये गुण आणि स्कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रता ठरते ती गुणांवर. सर्वसाधारण प्रवर्गासाठी पात्रतेचे गुण म्हणजे २५, किंवा त्या पत्रिकेतील सर्व परीक्षार्थींच्या गुणांची सरासरी अधिक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप), यांपैकी जो आकडा मोठा असेल तो. ओबीसी-एनसीएल आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांच्यासाठी त्याच्या ९० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी दोन तृतीयांश. यंदा संगणकशास्त्रात सर्वसाधारण मर्यादा २७.६ लागली, त्यावरून २४.८ आणि १८.४ हे आकडे निघाले. २०२३ साली हीच सर्वसाधारण मर्यादा ३२.५ होती. मर्यादा दरवर्षी अशी हलते, म्हणून जुन्या वर्षाचा आकडा डोक्यात धरून कोणी यंदाचा निकाल वाचू नये.

आता ३५०. स्कोअर काढताना सर्वसाधारण प्रवर्गाच्या पात्रता-गुणांना ३५० हे मूल्य दिले जाते आणि पत्रिकेतील वरच्या ०.१ टक्के किंवा वरच्या दहा परीक्षार्थींच्या, यांपैकी जो गट मोठा असेल त्याच्या, सरासरी गुणांना ९०० हे मूल्य दिले जाते. या दोन बिंदूंतून जाणारी सरळ रेषा काढली की प्रत्येकाचा स्कोअर त्या रेषेवर मिळतो. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: खालचा बिंदू कोणाच्याही स्वतःच्या प्रवर्गाचा नसून सर्वांसाठी सर्वसाधारण प्रवर्गाचाच असतो. त्यामुळे ओबीसी मर्यादेच्या वर पण सर्वसाधारण मर्यादेच्या खाली गुण असलेल्या उमेदवाराचा स्कोअर ३५० हून कमी येणारच. त्यात चूकही नाही आणि नामुष्कीही नाही.

तुमच्याच आकड्यांवर करून पाहू. वरच्या गटाची सरासरी समजा ८२ धरली, तर ८२ आणि २७.६ यांतील अंतर ५४.४ गुणांचे होते आणि तेवढ्या अंतरात स्कोअर ५५० ने वाढतो. म्हणजे एका गुणाला साधारण दहा. तुम्ही २७.६ च्या २.०९ गुण खाली आहात, तेव्हा ३५० मधून सुमारे २१ वजा होऊन ३२९ उरतात. ८२ हा आकडा मी केवळ हिशेबासाठी घेतला आहे, तरी उत्तर तुमच्या गुणपत्राच्या आसपासच येते.

राहिला २४.६७ आणि २५.५१ यांतील फरक. संगणकशास्त्राची पत्रिका यंदा सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत झाली. दोन सत्रांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या, म्हणजे काठिण्यही थोडे वेगळे. त्यामुळे प्रत्येक सत्राची सरासरी अधिक प्रमाण विचलन आणि वरच्या ०.१ टक्क्याची सरासरी घेऊन ती दोन्ही सत्रांच्या एकत्रित आकड्यांशी जुळवली जाते. उत्तरसूचीवरून आपण मोजतो ते कच्चे गुण. गुणपत्रावर येतात ते असे समायोजित गुण, आणि मर्यादा लावली जाते ती त्यांनाच. कच्चे गुण मर्यादेच्या खाली आणि समायोजित गुण वर, असे तुमच्या बाबतीत झाले आहे. याच्या उलटही होते, आणि तेव्हा मात्र फार जिवावर येते.

मुळात स्कोअर हा प्रकार आहे तो वेगवेगळ्या वर्षांची तुलना करता यावी म्हणून. गुणपत्र तीन वर्षे चालते, तेव्हा प्रवेशाच्या एकाच रांगेत २०२३ चा आणि २०२४ चा उमेदवार शेजारी उभे असतात. २०२३ चे ३२.५ आणि २०२४ चे २७.६ हे दोन्ही ३५० च ठरतात, ते यासाठी.

उत्तर: चौथा_बाक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी बेळगावातच अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो, म्हणून प्रश्नांच्या स्वरूपाविषयी लिहितो. माझ्या मते या ताईंचे खरे नुकसान तेथेच झाले आहे.

पत्रिकेत ६५ प्रश्न, १०० गुण आणि तीन तास. त्यांतील सामान्य अभियोग्यतेचे १० प्रश्न १५ गुणांचे असतात. बहुतेक अभियांत्रिकी पत्रिकांत १३ गुण गणिताचे आणि उरलेले ७२ विषयाचे. आपल्याकडची मुले विषयाच्या ७२ गुणांमागे वर्षभर धावतात आणि अभियोग्यता अधिक गणित या २८ गुणांना शेवटचा आठवडा देतात. सर्वसाधारण पात्रतेची मर्यादा यंदा २७.६ होती, हे शेजारी मांडून पाहावे म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

प्रश्न तीन प्रकारचे असतात. चार पर्यायांतून एक निवडायचा त्या प्रश्नांत उत्तर चुकल्यास एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण वजा होतात. दुसऱ्या प्रकारात एक किंवा अधिक पर्याय बरोबर असतात. हा प्रकार २०२१ पासून आला. त्याला उणे गुण नाहीत, पण अंशतः गुणही नाहीत: बरोबर असलेले सर्व पर्याय निवडले आणि चुकीचा एकही निवडला नाही, तरच गुण. तिसऱ्या प्रकारात पर्यायच नसतात. उत्तराची संख्या पडद्यावरील कळफलकाने भरायची असते आणि तेथेही उणे गुण नाहीत.

आता ताईंचे बारा प्रश्न घ्या. तीन बरोबर म्हणजे अधिक सहा, नऊ चूक म्हणजे नऊ वेळा दोन तृतीयांश, म्हणजे उणे सहा. एकूण शून्य. हा योगायोग नाही, उणे गुणांचे प्रमाणच तसे बेतलेले आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक उचलणाऱ्याची दीर्घकाळची कमाई बरोबर शून्य येते, आणि एखाद्या दिवशीचे नशीब त्याला वर किंवा खाली ढकलते. ताईंचे गुण गेले नाहीत, गेला तो वेळ. पण एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला, तरी चित्र बदलते: उरलेल्या तिघांतून अंदाज केल्यास दोन गुणांच्या प्रश्नामागे सरासरी दोन नवमांश गुण पदरात पडतात, आणि दोन पर्याय बाद झाल्यास दोन तृतीयांश. म्हणून मी वर्गात एवढेच सांगतो की एकही पर्याय खोडता येत नसेल तर पुढे जा, एक खोडता आला तर बेधडक उत्तर द्या.

याउलट जे पाच प्रश्न कोरे ठेवले, तेथे गमावण्यासारखे काहीच नव्हते. चार पर्यायांतून किमान एक निवडण्याच्या पंधरा रीती होतात, त्यामुळे निव्वळ अंदाज लागण्याची शक्यता कमीच. पण दोन पर्याय नक्की बरोबर आणि एक नक्की चूक, एवढे समजले तर चौथ्याविषयी नाणेफेक केली तरी निम्मी शक्यता हाती राहते. तुम्ही मर्यादेच्या वर जेमतेम पाऊण गुणाने आहात हे लक्षात घेतले, तर या पाच कोऱ्या प्रश्नांची किंमत कळेल. आणखी एक समज सर्रास दिसतो, तो म्हणजे या प्रकारात किमान दोन पर्याय निवडलेच पाहिजेत. एकच पर्याय बरोबर असेल तर एकच निवडायचा असतो.

संख्या भरण्याच्या प्रश्नांत आपली मुले ज्ञानाअभावी कमी आणि वाचनाअभावी जास्त चुकतात. मराठी माध्यमातून दहावी करून पीयुसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजीत गेलेल्या मुलांना प्रश्नाच्या शेवटच्या ओळीचे वाचन मी मुद्दाम करायला लावतो, कारण उत्तर कोणत्या एककात आणि किती दशांश स्थळांपर्यंत हवे ते तेथे लिहिलेले असते. सराव परीक्षेत एका हुशार मुलीने संपूर्ण गणित बिनचूक सोडवून उत्तर सेकंदात भरले, मागितले होते मिलिसेकंदात. स्वतःचे गणकयंत्र नेता येत नाही. पडद्यावरचेच वापरावे लागते आणि तेही माऊसने एकेक कळ दाबून. त्याची सवय घरीच करावी. कोन असलेल्या गणितात ते अंशांवर आहे की रेडियनवर, हे आधी पाहावे. मी एवढे पाल्हाळ लावले, कारण वीस मिनिटांच्या सवयीने वाचणारे चार गुण मुले दोन नवी प्रकरणे पाठ करून मिळवू पाहतात.

उत्तर: निपाणीकर

प्रवेशाची बाजू मी मांडतो, कारण मी स्वतः त्यात ठेचकाळलो आहे.

पीजीसीईटीवर समाधान मानावे का, हा प्रश्नच तुमच्या बाबतीत उलटा विचारायला हवा. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या एम.टेक. जागावाटपात गेट पात्र उमेदवारांना आधी जागा दिल्या जातात आणि उरलेल्या जागांसाठी पीजीसीईटीचा क्रम धरला जातो. तुमचा ३३० हा आकडा एनआयटीच्या (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या) संगणकशास्त्राच्या दाराशी पोहोचणारा नाही, हे मी स्पष्टच सांगतो. पण राज्याच्या रांगेत तुम्ही पीजीसीईटीत अव्वल आलेल्याच्याही पुढे उभ्या आहात. मात्र गेट पात्र असलात तरी प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज भरावाच लागतो. गेट आहे म्हणजे आपोआप नाव येईल, असे समजून बसलेली मुले मी पाहिली आहेत.

दुसरा फरक पैशाचा. वैध गेट गुणपत्रावर एआयसीटीईमान्य (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन जास्तीत जास्त २४ महिने मिळते, पीजीसीईटीवर गेलेल्यास ते मिळत नाही. दोन वर्षांचे जवळजवळ तीन लाख रुपये होतात, आणि खानापूरसारख्या तालुक्यातल्या घराला तो आकडा लहान नाही. ज्या संस्थेत जागा मिळेल तेथे हे विद्यावेतन चालू आहे की नाही, ते प्रवेश निश्चित करण्यापूर्वी कार्यालयात विचारा.

तरीही पीजीसीईटी देऊन ठेवायला हरकत नाही. ती पत्रिका ७५ प्रश्नांची, १०० गुणांची आणि दोन तासांची: ५० प्रश्न एकेका गुणाचे आणि २५ प्रश्न दोन-दोन गुणांचे. उणे गुण नाहीत, त्यामुळे गेटची सावध सवय तेथे सोडून द्यावी आणि एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

महाराष्ट्रातही एम.ई. आणि एम.टेक.साठी गेट पात्र उमेदवारांना आधी घेतात आणि त्यानंतर इतरांना पदवीच्या गुणांवर. पुणे किंवा सांगली मनात असेल तर तेथील माहितीपुस्तिका मुळापासून वाचा. पदवी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी जो स्वतंत्र प्रकार असतो, तो पदव्युत्तर प्रवेशातही जसाच्या तसा असेल असे गृहीत धरून अर्ज भरू नका.

एनआयटींच्या सामायिक समुपदेशनात सर्वसाधारण, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना पदवीत ६० टक्के किंवा १० पैकी ६.५ सीजीपीए लागतो, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५५ टक्के किंवा ६.०. व्हीटीयूच्या (कर्नाटकाच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) पहिल्या दोन सत्रांत घसरलेली मुले येथे अडकतात, स्कोअर कितीही असो.

आता माझी ठेच. कर्नाटकाच्या मागासवर्गांच्या यादीत मराठा समाज ३ब या गटात येतो आणि सीईटीच्या वेळी तेच प्रमाणपत्र वापरल्यामुळे गेटच्या अर्जातही मी विचार न करता ओबीसीवर खूण केली. गेटला लागते ती केंद्राची यादी, आणि ती राज्याच्या यादीहून वेगळी आहे. समुपदेशनात माझ्याकडे केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र नव्हते, ते मिळणेही शक्य नव्हते. सुदैवाने माझे गुण सर्वसाधारण मर्यादेच्या वर होते म्हणून वाचलो. चूक माझीच होती, कारण सूचनेत हे स्पष्ट लिहिलेले होते. जे केंद्राच्या कोणत्याही आरक्षित यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएसचा मार्ग आहे. त्याची पात्रता मर्यादाही ओबीसीइतकीच असते. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांहून कमी असावी लागते. आपल्याकडे उत्पन्न कमी आणि सातबाऱ्यावर, म्हणजे आपल्या उताऱ्यावर, सहा एकर भातशेती अशी घरे पुष्कळ आहेत, आणि ती तेथे अडतात.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना सांगितले. त्यांनी गुणपत्र दोनदा वाचून घेतले आणि मग विद्यावेतनाची ओळ तिसऱ्यांदा वाचायला लावली. प्राधिकरणाचा अर्ज भरते आणि राज्यात जागा मिळाली तर घेते. गेट पुन्हा द्यायची की नाही ते एम.टेक.चे पहिले सत्र कसे जाते त्यावर ठरवेन.

भावाच्या वतीने दोन शंका विचारते. तो तिसऱ्या वर्षात असताना गेट देऊ शकतो का? आणि संख्या भरायच्या प्रश्नात त्याचे उत्तर सूचीतील उत्तराहून दुसऱ्या दशांश स्थळी वेगळे आले, तर गुण जातात का? त्याला या प्रश्नांचीच सर्वाधिक धास्ती आहे.

उत्तर: उद्यमबाग_हायड्रॉलिक

तिसऱ्या वर्षात शिकणारा विद्यार्थी गेट देऊ शकतो. वयाची अट नाही आणि किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही. आता दिलेली परीक्षा तीन वर्षे चालेल, म्हणजे पदवी पूर्ण झाल्यावरही ते गुणपत्र हाताशी राहील. पण तिसऱ्या वर्षात यंत्ररचना आणि उष्णता संक्रमण हे विषय अजून व्हायचे किंवा नुकते झालेले असतात. त्यामुळे पहिला प्रयत्न अभियोग्यता, गणित, पदार्थबल आणि उष्मागतिकी एवढ्यावर भर देऊन करावा असे मला वाटते. सगळे विषय अर्धे अर्धे करून बसण्यापेक्षा ते बरे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर त्याला आमच्या कारखान्यातल्या भाषेत सांगा, मेकॅनिकलचा आहे म्हणजे लगेच समजेल. शाफ्टच्या रेखाटनावर नुसता २५ मिलिमीटर व्यास कधीच लिहिलेला नसतो, वरची आणि खालची टॉलरन्स, म्हणजे चालणाऱ्या फरकाची हद्द, दिलेली असते, आणि त्या दोहोंमध्ये बसणारा प्रत्येक शाफ्ट तपासणीत पास होतो. गेटच्या उत्तरसूचीतही अशा बहुतेक प्रश्नांना एक आकडा नसून दोन आकड्यांमधला पल्ला दिलेला असतो. तो पल्ला गणकयंत्रावरच्या लहानसहान फरकासाठी असतो. मधल्या पायरीवर पाय (π) ३.१४ धरला, मग त्या उत्तराचे पुन्हा दोन स्थळांपर्यंत पूर्णांकन केले आणि तेच पुढच्या पायरीत घातले, तर चुका साठत जातात आणि शेवटचा आकडा पल्ल्याबाहेर पडतो. मधली सगळी उत्तरे पूर्ण दशांशांसह पुढे न्यायची आणि पूर्णांकन फक्त शेवटी, प्रश्नात सांगितले असेल तितकेच करायचे. गेल्या काही वर्षांच्या पत्रिका आणि उत्तरसूच्या गेटच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्याला म्हणावे, संख्या भरायचे तेवढेच प्रश्न वेगळे काढ, पडद्यावरच्या गणकयंत्रावर सोडव आणि प्रत्येक उत्तर पल्ल्यात बसते का ते पाहा.